सिम रेसिंग: सरासरी एफपीएस सोडा, फ्रेमटाइम बघा

चाकधर

सिम रेसिंगच्या (संगणकावरच्या खऱ्यासारख्या गाडीशर्यतींच्या) चर्चेत एक प्रश्न हमखास येतो: माझ्या ग्राफिक्स कार्डावर अमुक गेम किती एफपीएस (सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम) देईल? उत्तरंही तशीच, ११०, १४०, १६५. मला हा प्रश्नच अपुरा वाटतो, म्हणून हा धागा काढतोय. ट्रॅकवर एकट्याने फिरताना १४० एफपीएस देणारा संगणक शर्यतीच्या पहिल्या वळणाला ५० वर येतो. आणि चित्र सगळ्यात स्वच्छ, सलग हवं असतं ते नेमकं तिथेच. सेटिंग लावायची ती त्या पहिल्या वळणासाठी.

थोडा हिशेब मांडतो. ताशी २५० किमी वेगाला गाडी सेकंदाला साधारण ६९ मीटर कापते. ६० एफपीएसला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत गाडी १.१५ मीटर पुढे गेलेली असते. ९० एफपीएसला हेच अंतर पाऊण मीटरच्या आसपास येतं. आता मध्येच एखादी फ्रेम १०० मिलिसेकंद अडकली, तर जवळजवळ सात मीटर रस्ता न दिसताच मागे पडला. ज्या फलकावर बघून आपण ब्रेक लावतो तो त्या सात मीटरांत असेल तर ते वळण हातचं गेलं. त्याच सेकंदातल्या उरलेल्या ९०० मिलिसेकंदांत १२० च्या वेगाने १०८ फ्रेम आल्या, तर कोपऱ्यातला काउंटर १०९ दाखवणार. आकडा बघून कुणालाही वाटेल की सगळं उत्तम चाललंय.

त्यामुळे काउंटर बाजूला ठेवा आणि फ्रेमटाइमचा, म्हणजे एकेका फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख लावा. रिवाट्यूनर या मोजणीच्या प्रोग्राममध्ये तो पडद्यावरच दिसतो. नंतर निवांत बघायचं असेल तर कॅपफ्रेमएक्स आहे, प्रेझेंटमॉन आहे. रेघ सपाट हवी. ७५ एफपीएसची सपाट रेघ ही १३० एफपीएसच्या दातेरी रेघेपेक्षा गाडी चालवायला कितीतरी बरी. आकडाच हवा असेल तर "१ टक्का लो" घ्या, म्हणजे सगळ्यात वाईट एक टक्का फ्रेमचा.

दुसरी गोष्ट. इतर गेमच्या मानाने सिम्युलेटरमध्ये चित्राशिवाय दुसरं एक काम अखंड चालू असतं, ते म्हणजे फिजिक्स, गाडी-टायरवरच्या बलांचं गणित. त्याचं घड्याळ वेगळं. असेटो कोर्सा या सिम्युलेटरमध्ये ते सेकंदाला ३३३ वेळा चालतं, आयरेसिंगमध्ये ३६०, असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओनेत ४००, आणि बीमएनजीत तर २०००. फ्रेम कमी-जास्त झाल्या तरी टायरची पकड बदलत नाही ती यामुळेच. पण हे काम सीपीयूवर (मुख्य प्रोसेसरवर) होतं आणि ते ठरल्या वेळेतच संपावं लागतं. असेटो कोर्सात फिजिक्सच्या एका फेरीला ३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात उरकलं नाही की पडद्यावर सीपीयू ऑक्युपन्सी (प्रोसेसर किती गुंतलाय ते) ९९ टक्क्यांच्या वर गेल्याचा इशारा येतो. बरेच जण तो बघून ग्राफिक्स खाली आणतात आणि इशारा तसाच राहतो, कारण एआय गाड्यांची (संगणक चालवतो त्या गाड्यांची) संख्या कमी केलेली नसते. तिथे एआयच्या गाड्यांनाही आपल्यासारखंच पूर्ण फिजिक्स आहे.

अवांतर: हे दुखणं जुनं आहे. १९९६ च्या ग्रँड प्रिक्स २ मध्ये ओ हे बटण दाबलं की प्रोसेसर ऑक्युपन्सी दिसायची. ती १०० च्या वर गेली की गेम फ्रेम गाळायचा नाही, खेळातली वेळच मंद चालायला लागायची. प्रोसेसरवरचा भार खेळाडूला इतका उघड दाखवणारे गेम आजही मोजकेच आहेत आणि मला ते मनापासून आवडतं.

तिसरागिअर

धागा अगदी वेळेवर आलाय. माझी अडचण सांगतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ३० टक्के दिसतो, जीपीयू (ग्राफिक्स कार्डाचा प्रोसेसर) ६० टक्के. दोघांनाही भरपूर मोकळीक आहे. तरी २५ गाड्यांच्या शर्यतीत एफपीएस ७० च्या वर जात नाही. सगळं लो केलं, ७० चे ७३ झाले. मग अडतंय कुठे?

चाकधर

@तिसरागिअर, तुमचा सीपीयूच अडतोय. टास्क मॅनेजरचा तो आकडा सगळ्या कोअरची (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र भागांची) सरासरी असतो. आठ खिडक्यांपैकी एकीपुढे लांब रांग आहे आणि सात रिकाम्या आहेत, असं झालं तर एकूण गर्दी कमीच भरणार. आठ कोअरमधला एक पूर्ण भरला तरी सरासरीत तो फक्त १२.५ टक्के दिसतो. टास्क मॅनेजरच्या आलेखावर राइट क्लिक करून कोअर वेगवेगळे दाखवायला सांगा.

खात्रीची चाचणी याहून सोपी आहे. रिझोल्यूशन निम्मं करा. एफपीएस भरपूर वाढला तर जीपीयू अडत होता. जागचा हलला नाही तर सीपीयू. तुमचं ७० वरून ७३ हे त्याचंच उत्तर आहे.

अशा वेळी टेक्श्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं), अँटीअलायझिंग (कडांचे दाते घालवणं), बंप मॅपिंग (पृष्ठभाग उंचसखल भासवणं) यांना हात लावून उपयोग नाही, ते जीपीयूचं काम. तुम्ही कमी करायचं ते असं: दिसणाऱ्या प्रतिस्पर्धी गाड्यांची संख्या, आरशांची संख्या, सावल्यांचं अंतर, रिफ्लेक्शन किती वेळा ताजं होतं ते, आणि ट्रॅकच्या कडेच्या वस्तूंचं प्रमाण. पुढे-मागे दहाबारा गाड्या दिसल्या तरी शर्यतीत काही अडत नाही.

रात्रपाळी

मी पोटापाण्यासाठी ग्राफिक्स प्रोग्रामिंग करतो (गेममध्ये नाही), म्हणून आतलं थोडं लिहितो.

वरच्या यादीत आरसे, सावल्या आणि रिफ्लेक्शन एकत्र का आलेत, हे कळलं की सेटिंगचं पान निम्मं सोपं होतं. तिन्ही ठिकाणी तोच देखावा पुन्हा काढावा लागतो. आरसा म्हणजे मागे तोंड केलेला दुसरा कॅमेरा. त्याला दिसणाऱ्या गाड्या, झाडं, प्रेक्षागृह सगळं नव्याने काढायचं. गाडीच्या चकचकीत बॉनेटवर आजूबाजूचं प्रतिबिंब दिसतं, ते क्यूबमॅपमधून येतं. क्यूबमॅपला सहा बाजू, म्हणजे सहा कॅमेरे. सावल्यांचे नकाशे अंतराप्रमाणे तीन-चार टप्प्यांत काढतात, म्हणजे सूर्याच्या जागेवरून आणखी तीन-चार फेऱ्या.

आता समजा एका गाडीचे १०० तुकडे आहेत: काच, रिम, टायर, दिवे, आतला ड्रायव्हर वगैरे. प्रत्येक तुकड्यासाठी सीपीयू जीपीयूला एक आज्ञा देतो, तिला ड्रॉ कॉल म्हणतात. ३० गाड्यांचे झाले ३०००. त्यातल्या निम्म्या आरशात दिसल्या, सगळ्यांच्या सावल्या पडल्या, काहींचं प्रतिबिंब पडलं, तर तोच आकडा आठ-दहा हजारांवर जातो. ६० एफपीएस हवे असतील तर हे सगळं १६.७ मिलिसेकंदांत, १४४ हवे असतील तर ७ मिलिसेकंदांच्या आत. गेम ज्यातून कार्डाशी बोलतो त्या डायरेक्टएक्स ११ मध्ये या आज्ञा मुख्यतः एकाच थ्रेडवरून (कामाच्या एकाच धाग्यावरून) जातात. म्हणून तो एक कोअर दमतो आणि बाकीचे बसून राहतात. डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कनमध्ये ते काम वाटून देता येतं, पण गेमचं इंजिन (मूळ प्रोग्राम) त्या पद्धतीने लिहिलेलं असेल तरच. जुन्या इंजिनावर नुसती नवी एपीआय (कार्डाशी बोलायची अशी पद्धत) चढवली म्हणून गेम आपोआप वेगवान होत नाही.

असेटो कोर्सात रिफ्लेक्शन दर फ्रेमला किती बाजूंनी ताजं करायचं ते निवडता येतं. एकच बाजू ठेवली तर पूर्ण प्रतिबिंब सहा फ्रेममध्ये मिळून बदलतं. ड्रायव्हरच्या जागेवरून स्वतःच्या गाडीचं बॉनेट दिसतं तेवढंच, त्यामुळे फरक जाणवत नाही. बाहेरच्या कॅमेऱ्यातून रीप्ले बघताना मात्र जाणवतो. ही तडजोड डोळे मिटून करावी अशी आहे.

लांबच्या गाड्यांसाठी कमी तपशिलाची मॉडेल असतात, त्यांना एलओडी म्हणतात. चांगल्या मूळ गेममध्ये ती नीट बनवलेली असतात. फुकट मिळणाऱ्या मॉड (खेळाडूंनी बनवलेल्या) गाड्यांत बऱ्याचदा नसतातच. अर्धा किलोमीटर दूर, पडद्यावर चार पिक्सेलएवढी दिसणारी गाडी तिच्या शिलाईच्या टाक्यांसकट काढली जाते. एकच अशी गाडी ग्रीडवर (शर्यतीच्या सुरुवातीच्या रांगेत) वीस वेळा उभी केली की कुठलाही संगणक वाकतो. @तिसरागिअर, तुम्ही मॉड गाड्या वापरता का?

तिसरागिअर

हो, त्या २५ गाड्या मॉडच्याच आहेत! मूळ गेममधल्या गाड्या लावून आज बघतो.

गतिरोधक

लेख उत्तम, पण एका मुद्द्यावर वेगळं मत नोंदवतो. ७५ सपाट की १३० दातेरी, असा पर्याय बहुतेकांपुढे नसतोच. प्रश्न असतो तो ६० वर बांधून घ्यावं की सुटं सोडावं. माझ्या अनुभवात व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या तालाला बांधणं) लावून ६० ला बांधलं की चित्र गुळगुळीत दिसतं, पण स्टिअरिंग जड वाटतं. गाडी सरकायला लागल्यावर उलट स्टिअरिंग द्यायला हात उशिरा पोचतो. सुटं सोडलं तर चित्र मध्येच फाटतं, पण गाडी हातात राहते. मी फाटकं चित्र पत्करतो.

चाकधर

@गतिरोधक, तुम्हाला जाणवतंय ते खरं आहे. व्ही-सिंक लावल्यावर तयार फ्रेम रांगेत उभ्या राहतात आणि तुम्ही बघता ते चित्र दोन-तीन फ्रेम जुनं असू शकतं. ६० ला दोन फ्रेम म्हणजे ३३ मिलिसेकंद. फोर्स फीडबॅक, म्हणजे स्टिअरिंगचा हाताला जाणवणारा जोर, त्या रांगेत नसतो, तो फिजिक्सकडून थेट येतो. म्हणून हाताला आधी कळतं आणि डोळ्याला नंतर, आणि दोन्ही जुळत नाहीत.

पण उपाय फाटकं चित्र हा नाही. मॉनिटर जी-सिंक किंवा फ्रीसिंकचा (फ्रेम येईल तसं चित्र बदलणारा) असेल तर ते चालू करा आणि मॉनिटरच्या कमाल दरापेक्षा तीन-चार फ्रेम खाली मर्यादा घाला, १४४ चा असेल तर १४० ला. मॉनिटर साधा ६० चा असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हरमधला लो लेटन्सी मोड वापरून बघा. रांग लहान होते, स्टिअरिंग बऱ्यापैकी हलकं वाटतं.

आणखी एक. जीपीयू सतत ९९ टक्क्यांवर चालला की तिथेही रांग लागते आणि उशीर वाढतो. ९० टक्क्यांच्या आसपास राहील अशी मर्यादा घातली तर सरासरी एफपीएस उतरतो पण गाडी जास्त चटकन उत्तर देते. ताकदीचा शेवटचा थेंब पिळायचा हट्ट सिम रेसिंगमध्ये अंगाशी येतो.

निळीरेघ

व्हीआरबद्दल (डोळ्यांवर हेडसेट लावून खेळण्याबद्दल) कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे "थोडी फ्रेम गळली तर चालेल" हा पर्यायच नाही. ९० हर्ट्झच्या हेडसेटला ११.१ मिलिसेकंद, त्यात दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं. ११.५ लागले की हेडसेट रीप्रोजेक्शनवर उतरतो: खरी फ्रेम ४५, मधल्या बनावट. समोरचा ट्रॅक त्यात बरा दिसतो, पण बाजूने जाणारे खांब आणि शेजारची गाडी यांच्या कडा पाण्यात हलल्यासारख्या होतात. आणि चाकाला चाक लावून जाताना बघायचं असतं ते शेजारच्या गाडीकडेच.

दोन डोळ्यांसाठी सगळे ड्रॉ कॉल दोनदा द्यायचे की एकदाच देऊन दोन्हीकडे काढायचं, हे इंजिनावर अवलंबून असतं. दोनदा देणारं असेल तर मोठं कार्ड घालूनही सीपीयू तिथेच अडतो. एनव्हिडियाने २०१६ च्या पास्कल कार्डांपासून एका फेरीत अनेक दृश्यं काढायची सोय हार्डवेअरमध्ये दिली. आयरेसिंगने ती उचलली, बाकी फार थोड्यांनी.

फोव्हिएटेड रेंडरिंग म्हणजे मधला भाग स्वच्छ आणि कडेचा भाग अस्पष्ट. फिक्स्ड प्रकार (स्वच्छ भाग कायम मधोमध) रेसिंगला पूर्ण सोयीचा नाही असं माझं स्पष्ट मत आहे. आपण समोर बघत असताना आरशाकडे फक्त डोळे फिरवतो, मान नाही. आरसा नेमका त्या अस्पष्ट भागात असतो. डोळ्यांचा माग घेणारा हेडसेट असेल तर मात्र हाच उपाय अप्रतिम आहे.

वळणवाट

तीन मॉनिटरवाल्यांसाठी दोन ओळी. २५६० गुणिले १४४० चे तीन म्हणजे १ कोटी १० लाख पिक्सेल. एक ४के पडदा ८३ लाखांचा. म्हणजे तिहेरी मांडणी ४के पेक्षा एक तृतीयांशाने जड, हे कार्ड घेताना धरून चालावं. शिवाय बाजूच्या पडद्यांवरचं चित्र ताणलेलं नको असेल तर गेमला तीन वेगळे कॅमेरे लावावे लागतात, आणि मग वर रात्रपाळी यांनी सांगितलेला सगळा हिशेब तिथेही लागू. बाजूच्या पडद्यांवर तपशील कमी ठेवायची सोय गेममध्ये असेल तर जरूर वापरा. तिथे फक्त "शेजारी कोणी आहे का" एवढंच बघायचं असतं.

गतिरोधक

मर्यादा १४० ला घालून पाहिली, फ्रीसिंक चालू. चित्र फाटत नाही आणि स्टिअरिंगही जड नाही. धन्यवाद. आता पुढचा प्रश्न, डीएलएसएस आणि एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र काढून मोठं करणारी तंत्रं) वापरावं की नाही? मला लांबचे फलक पुसट दिसतात, म्हणून मी बंद ठेवतो.

रात्रपाळी

हा विषय थोडा खोलात जाऊन बघण्यासारखा आहे. मुळात पुसटपणा टीएए या अँटीअलायझिंगच्या पद्धतीपासून सुरू होतो. जुनी सिम्युलेटर फॉरवर्ड पद्धतीने (वस्तू काढतानाच तिच्यावरचा उजेड मोजून) चित्र काढत, तिथे एमएसएए हे जुनं अँटीअलायझिंग चालतं आणि कुंपणाच्या कडा तीक्ष्ण राहतात. नंतरची बरीच इंजिनं डिफर्ड पद्धतीवर (उजेडाचा हिशेब शेवटी एकदम) गेली. तिथे शेकडो दिवे स्वस्तात काढता येतात, रात्रीच्या शर्यतीला ते लागतंच, पण एमएसएए फार महाग पडतं. म्हणून टीएए आलं. ते मागच्या फ्रेममधले पिक्सेल नव्या फ्रेममध्ये मिसळतं. कुठला पिक्सेल कुठे सरकला हे मोशन व्हेक्टरवरून कळतं. डीएलएसएस आणि एफएसआर २ याच तत्त्वावर उभी आहेत.

समोरचा फलक दूर असतो तेव्हा पडद्यावर फार हळू सरकतो. त्यामुळे बऱ्याच फ्रेमची माहिती साठते आणि क्वालिटी मोडमध्ये तो चांगला दिसायला हवा. गोंधळ होतो तो मोशन व्हेक्टर खोटं बोलतात तिथे. स्टिअरिंगवरच्या छोट्या पडद्याचं उदाहरण घ्या. पडदा जागेवरच आहे, म्हणून व्हेक्टर सांगतो "हालचाल नाही". पण त्यातला गिअरचा आकडा ३ वरून ४ झालेला असतो. मग क्षणभर ३ आणि ४ एकमेकांवर चढलेले दिसतात. आरशाचंही तसंच. आरशाचा पृष्ठभाग स्थिर, त्यातली मागची गाडी हलती, म्हणून तिच्यामागे शेपूट दिसतं. पावसाचे थेंब काचेवरून वाहतात तिथेही हेच. काही गेम आरसा आणि डॅश (ड्रायव्हरसमोरचे आकडे) या मिश्रणातून वगळतात, काही नाही. त्यामुळे "वापरावं की नाही" याचं उत्तर गेमगणिक वेगळं येईल, आणि ते तुमच्या गाडीच्या डॅशकडे बघूनच द्यावं.

फ्रेम जनरेशनबद्दल (दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये बनावट घालण्याबद्दल) मात्र माझं मत ठाम आहे: शर्यतीत नको. मधली फ्रेम बनवायला पुढची खरी फ्रेम हातात असावी लागते, म्हणजे ती थांबवून ठेवावी लागते. चित्र गुळगुळीत होतं आणि स्टिअरिंगचा उशीर वाढतो. रीप्ले बघायला खुशाल लावा.

निळीरेघ

+१. डॅशवरचे आकडे एकमेकांत मिसळतात ते कशामुळे, हे आज कळलं.

कोराकागद

मी नवीन आहे. लॅपटॉपवर खेळतो. पहिली दहा मिनिटं छान, मग झटके सुरू होतात. शर्यत बंद करून परत सुरू केली की कधी ठीक, कधी लगेच परत झटके. सेटिंग बदलत नाही. काय बघू?

चाकधर

@कोराकागद, दोन शक्यता आहेत आणि दोन्ही वेगळ्या दिसतात. रिवाट्यूनरमध्ये तापमान, क्लॉक (प्रोसेसरचा वेग) आणि व्हीआरएएम (ग्राफिक्स कार्डाची मेमरी) हे तिन्ही आकडे लावा आणि झटके सुरू होईपर्यंत खेळा.

क्लॉक खाली आला आणि तापमान वर टेकलं असेल तर उष्णता. तेव्हा एफपीएसवर मर्यादा घाला. ९० ऐवजी ६० काढायला सांगितलं की लॅपटॉप कमी तापतो आणि तास-दीड तास तसाच चालतो. सहनशक्तीच्या लांब शर्यतीत हेच हवं.

क्लॉक जागेवर आहे पण व्हीआरएएम काठोकाठ भरलंय, तर टेक्श्चर मुख्य मेमरीतून ये-जा करतायत. नवी गाडी दृष्टीस पडली, नवा कॅमेरा लागला की झटका. इथे एफपीएसची मर्यादा काही करणार नाही. टेक्श्चर एक पायरी खाली आणा. ऑनलाइन शर्यतीत प्रत्येक गाडीची रंगसंगती वेगळी असते आणि प्रत्येकीचं टेक्श्चर वेगळं साठवावं लागतं, त्यामुळे एकट्याने सराव करताना न भरलेली मेमरी तिथे भरते.

नवीन ट्रॅकवर पहिल्याच फेरीत झटके आणि दुसऱ्या फेरीपासून गायब, असं असेल तर तो तिसराच प्रकार, शेडर (चित्र रंगवणारे जीपीयूचे छोटे प्रोग्राम) तेव्हाच्या तेव्हा तयार होतायत. गेमने सुरुवातीला "शेडर तयार करत आहे" असं दाखवलं तर ते पूर्ण होऊ द्या, घाईने वगळू नका. ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला की हे पुन्हा करावं लागतं.

तिसरागिअर

मूळ गाड्या लावल्या. त्याच ट्रॅकवर, तेवढ्याच २५ गाड्या, सुरुवातीला ९५ च्या खाली जात नाही. रात्रपाळी, तुमचा अंदाज बरोबर निघाला. आता नवा प्रोसेसर घ्यायचा विचार पुढे ढकललाय. पण कधीतरी घ्यायचाच झाला तर काय बघावं? कोअर जास्त की गिगाहर्ट्झ?

रात्रपाळी

दोन्हींच्या आधी कॅशे (प्रोसेसरच्या आतली छोटी, जलद मेमरी) बघा. ३० गाड्यांची स्थिती, टायरचे तक्ते, देखाव्याची रचना हे सगळं सीपीयू दर क्षणी परत परत वाचतो. ते कॅशेत मावलं तर मुख्य मेमरीकडे जावं लागत नाही. २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्सथ्रीडीत ९६ एमबी एल३ कॅशे आहे, साध्या ५८००एक्समध्ये ३२. गिगाहर्ट्झ उलट कमीच आहेत. तरी सिम्युलेटरमध्ये, विशेषतः गर्दीच्या सुरुवातीला, तो सरळ पुढे जातो. अपवाद बीमएनजीचा. तिथे प्रत्येक गाडीचं फिजिक्स वेगळ्या थ्रेडवर चालतं, त्यामुळे जास्त कोअरचा खरंच उपयोग होतो.

वळणवाट

तुलना करताना सगळे एकच देखावा कसा घेता? दर शर्यत वेगळी होते. मी रीप्ले साठवून तोच परत परत चालवतो.

चाकधर

@वळणवाट, जीपीयूची सेटिंग तपासायला रीप्ले उत्तम, दरवेळी तेच चित्र मिळतं. आरसे, सावल्या, पाऊस यांची किंमत त्यावरच काढा. पावसाची तर नक्की काढा, कारण पुढच्या गाड्यांनी उडवलेला फवारा म्हणजे पडदाभर एकावर एक अर्धपारदर्शक थर, आणि कोरड्या ट्रॅकवर मिळालेला आकडा तिथे कामाचा नाही.

पण सीपीयूसाठी रीप्लेवर विसंबू नका. रीप्लेमध्ये गाड्यांच्या जागा आधीच नोंदलेल्या असतात, फिजिक्स आणि एआय नव्याने मोजायचं नसतं, म्हणून सीपीयू आहे त्यापेक्षा मोकळा दिसतो. त्यासाठी एआयची पूर्ण ग्रीड घ्या, स्वतः सगळ्यात शेवटी उभे राहा म्हणजे सगळ्या गाड्या समोर येतात, आणि हिरवा दिवा लागल्यापासून पहिल्या दोन वळणांपर्यंतचा फ्रेमटाइम नोंदवा. ऑनलाइन इतरांच्या गाड्यांचं फिजिक्स त्यांच्या त्यांच्या संगणकावर चालतं, त्यामुळे फिजिक्सचा भार तिथे कमी भरतो. चित्र काढायचा भार मात्र तेवढाच राहतो.